वापरत असेल त्यानं बोलावं

कुलदीप घरात शिरण्याआधी खाकरायचा. खाकरणं ऐकू आलं की रीना ओढणी डोक्यावर घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआड सरकायची. ती लग्न होऊन एकोडीच्या या घरात आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. कुलदीप तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यानं आणि धाकट्या भावाच्या बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या खोलीत जायचं नाही. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. ते तिसरं माणूस बहुतेक वेळा कुलदीपची बायको निर्मला असायची.

"निर्मला, तिकडे विचार, वायफाय बंद पडलं का," ओसरीवरून कुलदीप म्हणायचा.

रीना त्याच्यापासून चार हातांवर उभी असायची. "ताई, सांगा, चालू आहे म्हणून."

"दोघांचंही दोघांनी ऐकलं," निर्मला पोळी लाटता लाटता म्हणायची. "मी काय मधातला खांब आहो का?"

यात कुणाला जाच वाटत नव्हता. माहेरी, नाकाडोंगरीला, रीनाची आईसुद्धा मोठ्या काकांसमोर कधी आली नव्हती. रीना नागपूरला कॉम्प्युटर शिकली, पुण्याच्या कंपनीत नोकरीला लागली आणि ती नोकरी घरून करायला मिळाली तशी वीरेंद्रबरोबर एकोडीला येऊन राहिली. कानाला हेडफोन लावून ती पोर्तुगालच्या माणसाला, तुमचं म्हणणं चुकीचं आहे, असं स्पष्ट सांगायची. मीटिंग संपली की भासऱ्याला चहा हवा का हे विचारायला निर्मलाला शोधायची. एकाच बाईला दोन्ही सहज जमत होतं.

कंपनीचं काम पगाराचं होतं. त्याशिवाय रीना आणखी एक काम करायची आणि ते शकुनबाईंच्या, तिच्या सासूच्या, गळी कधी उतरलं नाही. प्रोग्राम लिहायचं एक साधन होतं. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. कुणीही फुकट घ्यावं, आतली सगळी रचना उघडून पाहावी, बिघडलेलं दुरुस्त करावं आणि सगळ्यांना परत द्यावं. जगभरातली पाच-पन्नास माणसं हौसेनं ते सांभाळत होती आणि त्यात रीना होती. त्यातला नेटवर्कचा भाग, म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याशी कसं बोलायचं तो भाग, हळूहळू तिच्याकडे आला होता.

"पैसे नाही भेटत तर कायले करते?" शकुनबाई विचारायच्या.

"सगळे करतात म्हणून मीही करते."

"सगळे म्हणजे कोण? मले एक तरी दाखव."

दाखवायला कुणी नव्हतं. वीरेंद्र साकोलीला तांदळाचा व्यापार करायचा. बायकोचं काम मोठं आहे एवढं त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. या घरात आपल्या कामातलं अक्षरही कुणाला कळत नाही, हे रीनानं पहिल्या वर्षीच समजून घेतलं होतं. त्याचं तिला फार वाईटही वाटत नव्हतं.

तिच्याकडे आलेल्या त्या भागात एकच गोष्ट करायचे दोन मार्ग होते. एक नवा, नेटका. दुसरा फार जुना, कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून किरकिर आवाज करत एकमेकांशी बोलायचे त्या काळातला. नवा आल्यावर जुना काढून टाकायला हवा होता, पण कुणी हात लावला नव्हता. कुठे काय अडकलेलं असेल याची धास्ती. नव्या लोकांना दोन मार्ग दिसायचे आणि ते चुकीचा धरायचे. दर महिन्याला कुणीतरी त्यात अडकायचं आणि रीना तेच उत्तर पुन्हा लिहायची. सगळ्या घरांत असा एक माळा असतो, आणि रीनाला माळे आवरायची सवय होती.

तिनं रीतीनं केलं. आधी त्या भागावर सूचना लावली की हा जुना झाला आहे, यापुढे काढला जाईल. जुन्याऐवजी नवं कुठे कसं वापरायचं ते सविस्तर लिहिलं. मग सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं, हा भाग अजून कुणी वापरतं का? वापरत असेल त्यानं बोलावं. कुणी काही बोललं नाही तर पुढच्या आवृत्तीत मी तो काढीन.

दोघांनी उत्तर दिलं, काढाच. बाकी शांत. तिनं पुन्हा एकदा विचारलं, पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबली, आणि मग हजारो ओळी काढून टाकल्या. सगळ्या चाचण्या बरोबर आल्या. पोर्तुगालचा तो माणूसही या हौशी मंडळींत होता; त्यानं लिहिलं की हे काम करायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. त्या संध्याकाळी जेवताना तिनं वीरेंद्रला सांगितलं. वीरेंद्र म्हणाला, बरं झालं, आणि लोणचं मागितलं. ओसरीवर कुलदीप जेवत होता. त्याचा घास क्षणभर थांबला असेल तर ते दारातून दिसण्यासारखं नव्हतं.

एकोडीच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे. त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, धानाच्या बांध्या, भातखाचरं, आहेत आणि बांध्या आणि गाव यांच्यामध्ये नाला आहे. तलाव भरला की जादाचं पाणी एका बाजूच्या सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहून नाल्यात येतं. एरवी नाल्यात घोटाभर पाणी असतं. सलंग वाहायला लागला की ते बघता बघता छातीपर्यंत चढतं आणि पलीकडे रोवणीला, भाताची लावणी करायला, गेलेल्या बाया पलीकडेच अडकतात. पूर्वी पाळीवर माणूस बसायचा आणि थाळी वाजवायचा. अलीकडे हे काम कुलदीपकडे होतं, कारण कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते तोच बघायचा. त्यानं आयटीआय केलेलं होतं, हात वायरींत रमायचा. त्यानं पाळीवर पाण्याची उंची मोजणारी एक पेटी बसवली आणि घराच्या छतावर भोंगा व तो वाजवणारी दुसरी पेटी. पाणी खुणेला लागलं की भोंगा आपोआप वाजायचा आणि बाया हातातले रोपांचे जुडगे टाकून नाला ओलांडून यायच्या. तीन पावसाळे तो वेळेवर वाजला होता. हा चालतो तरी कसा, असं रीनानं एकदा वीरेंद्रला विचारलं होतं. दादाचा काहीतरी वायरींचा जुगाड आहे, तो म्हणाला. कुलदीपच्या खोलीचं दार ओसरीवर उघडायचं. त्या खोलीत रीना कधी गेली नव्हती, त्यामुळे गोष्ट तिथेच संपली.

त्या दिवशी उशिराची रोवणी चालली होती. निर्मला बायांना घेऊन नाल्यापलीकडच्या बांधीत गेली होती. कुलदीप खत आणायला वीरेंद्रकडे साकोलीला. घरात रीना आणि शकुनबाई. गावात पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. पाऊस वरच्या जंगलात पडत होता, पण ते घरात बसून कुणाला कळणार.

शकुनबाईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकलं आणि रीनाकडे वळून म्हणाल्या, "कुलदीप आहे. भोंगा वाजला का म्हणते."

"नाही वाजला."

शकुनबाईंनी ते सांगितलं. पलीकडून काय आलं ते रीनाला ऐकू आलं नाही, पण सासूबाईंचा चेहरा बदलला. वरच्या गावातून कुलदीपला फोन आला होता. सलंग वाहायला लागला होता. भोंगा वाजायला हवा होता.

रीनानं आधी निर्मलाचा फोन लावला. तो स्वयंपाकघरात, चार्जिंगला लावलेला, वाजला. मागच्या रोवणीत तो चिखलात पडला होता, तेव्हापासून निर्मला तो घरी ठेवून जायची, आणि बाकीच्या बायांचंही तेच होतं. बांध्या दूर होत्या. धावत गेलं तरी नाला चढायच्या आत पोचता येईल का, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"तो म्हणते, माह्या खोलीत जा. कॉम्प्युटरवर काय आलं ते पाह्य." शकुनबाई थांबल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मी पाहून काय करू? मले काय समजते त्याच्यात? तूच जा."

रीना त्या खोलीत गेली. तिथे खताच्या वासाचा अंधार, भिंतीला टांगलेली छत्री आणि टेबलावर जुनाट कॉम्प्युटर. पडद्यावर एक खिडकी उघडी होती आणि ती खिडकी रीनाची होती. म्हणजे तिच्या लॅपटॉपवर दिवसभर असते तीच. तोच राखाडी रंग, तीच अक्षरं. तेच साधन, सगळ्यात नवी आवृत्ती. वर लाल पट्टीत लिहिलेलं होतं की जे बोलावलंय ते सापडत नाही, आणि त्याखाली जे नाव होतं ते तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकलेल्या भागाचं होतं.

ती उभीच राहिली. डोक्यात एकच विचार आला आणि तोही मूर्ख होता. हे इथे कुणी आणलं?

मग ती बसली आणि प्रोग्राम वाचायला लागली. साधा होता, नीट लिहिलेला. पाळीवरच्या पेटीकडून उंची घ्यायची ते सगळं नव्या मार्गानं होतं. तिनं जसं लिहून ठेवलं होतं अगदी तसं, तिच्याच उदाहरणातली नावं ठेवून. फक्त शेवटी, छतावरच्या भोंग्याला हुकूम जायचा तिथे, एका ठिकाणी जुना मार्ग राहून गेला होता. ती जागा पाणी खुणेला लागल्यावरच चालणार होती, त्याआधी तिथली चूक कुणाला दिसलीच नसती. जुन्या मार्गाला छतावरची पेटी नावानं सापडायची. नव्याला तिचा नंबर लागणार होता. तो प्रोग्राममध्ये कुठेच नव्हता.

"आई, त्यांना विचारा, छतावरच्या पेटीचा नंबर काय."

शकुनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या. "एक शून्य म्हणते, मग डॉट का काय म्हणते. इंग्लिशमंधी सांगून राहिला. अरे हळू सांग न बाबा."

रीनानं त्यांच्या हातातून फोन घेतला.

घेतला तेव्हा कळलं की हाक काय मारायची तेच तिला माहीत नाही. निर्मलाशी बोलताना ‘ते’ म्हणायची, वीरेंद्रशी बोलताना ‘तुमचे दादा’. समोरासमोर कधी काही लागलंच नव्हतं.

"मी रीना बोलतेय," ती म्हणाली. "नंबर सांगा."

पलीकडे काहीच नाही. मागून ट्रकचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. दारात शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"ताई पलीकडे आहे," रीना म्हणाली. "नंबर सांगा."

त्यानं नंबर सांगितला. आवाज खाकरण्याच्या आवाजासारखाच होता, जरा बारीक. तिनं तो लिहिला, ओळ बदलली, पुढे चालू केलं. छतावर भोंगा वाजला, इतका मोठ्यानं की टेबलावरचा पेला हलला.

नंबर सांगून झाल्यावरही त्यानं फोन ठेवला नव्हता. भोंग्याचा आवाज त्यालाही गेला असावा. "वाजला," तो म्हणाला, आणि मग फोन बंद झाला.

नाल्यावर गाव जमलं. बाया आल्या तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. पहिल्या एकमेकींचे हात धरून निघाल्या. मागच्यांसाठी अलीकडून दोर टाकावा लागला. कुंताबाई म्हणून वयानं मोठी बाई होती, तिचा पाय निसटला आणि ती दोराला लोंबकळत दगडावर आदळली. तिला ओढून काढलं तेव्हा हात कोपरापासून वाकडा लोंबत होता. निर्मला सगळ्यात शेवटी आली, कारण बायांना तिनं नेलं होतं. काठावर आल्यावर ती थेट रीनाकडे आली. तिनं रीनाचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. त्यावर बोटांचे वळ नंतरही दिसत होते.

"उशिरा वाजला," एवढंच ती घरी आल्यावर म्हणाली. "पाणी चढलं तवा वाजला."

कुंताबाईला गावातल्यांनी साकोलीला नेलं; तिला तिथल्या दवाखान्यात पोचवून दोघे भाऊ परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात कुलदीप खाकरला. रीना दाराआड गेली नाही. तिनं ओढणीही घेतली नाही, पण तो ठरवून केलेला हट्ट नव्हता. तिला आठवलंच नाही. कुलदीप ओसरीच्या पायरीवर थबकला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"ताई," रीना म्हणाली, "यांना विचारा, मी विचारलेलं यांनी वाचलं होतं का."

निर्मला केस पुसत होती. "काय विचारलं होतं तू?"

"ते वापरतं का कुणी म्हणून. दोनदा विचारलं होतं."

"वाचलं होतं," कुलदीप भिंतीला म्हणाला.

मग ते हळूहळू बाहेर आलं, थोडं भिंतीला, थोडं निर्मलाला, थोडं आईला. रीना ज्यावर काम करते ते फुकट मिळतं, असं वीरेंद्र एकदा बोलता बोलता म्हणाला होता. त्यानं ते उतरवून घेतलं. घरचंच आहे म्हणून शिकला. चर्चेच्या पानावर रीना लिहायची ते सगळं तो वाचायचा. पहिल्यापासून, एकूण एक. न कळलेलं पुन्हा वाचायचा. पोर्तुगालवाल्याशी तिचा झालेला वाद त्याला माहीत होता, आणि त्यात तिचंच बरोबर होतं, असं तो म्हणाला.

रीना खांबाला टेकून खाली बसली. इतकी वर्षं या घरात आपल्या कामाचं कुणाला काही कळत नाही असं ती धरून चालली होती, आणि भिंतीपलीकडे एक माणूस रोज तिचं लिहिलेलं वाचत होता. नाला चढल्याचं ऐकून जेवढी ती हादरली नव्हती तेवढी आता हादरली.

"मग बोललं काहून नाही?" निर्मलानं विचारलं. "तिनं विचारलं होतं न?"

"तिथं नाव येते आपलं. ते पाहून तिकडून ओळखलं असतं मले. मंग त्याईच्याशी बोलल्यासारखंच झालं असतं ते."

"मले सांगायचं होतं."

"तुह्या तोंडून सांगितलं असतं तर हुकूम झाला असता." रीनाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तो ‘त्याई’ म्हणत होता. "भासऱ्यानं म्हटलं म्हणजे त्याईनं तसंच ठेवलं असतं. काही न विचारता. काम तर त्याईचं आहे. आणि ते काढून टाकणंच बरोबर होतं, मी वाचलं होतं काहून काढून राहिल्या ते. म्हटलं, आपलंच बदलून टाकू."

त्यानं बदललंही होतं. उन्हाळ्यात वीज पडून जुना कॉम्प्युटर जळला. नागपूरहून दुसरा, वापरलेला आणला. त्यावर नवी आवृत्ती घातली आणि रीनानं लिहिलेलं पाहून पाहून सगळीकडे नवा मार्ग घातला. एक जागा नजरेतून सुटली. भोंगा वाजवून पाहिला असता तर कळलं असतं. पण भोंगा वाजला की गाव पळत सुटतं, मग चाचणीसाठी वाजवायचा कसा, म्हणून वाजवला नाही.

"मला एकदा दाखवलं असतं," रीना म्हणाली. ती आता निर्मलाला सांगत नव्हती. "पाच मिनिटांत सापडलं असतं. बसल्या जागी."

वीरेंद्र गाडीची चावी हातात धरून दारात उभा होता, आत यावं की नाही हे न कळून.

"पहिल्यापासून असंच चालते आपल्यात," शकुनबाई म्हणाल्या. "त्यानं मान राखला, तर त्याचं काय चुकलं?"

निर्मला हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "माह्या जिवावर मान राखला, आई. कुंताबाईच्या हातावर राखला." ओला टॉवेल तिनं खुंटीवर टाकला. "आता ऐका. आजपासून मी कोणाचं काही सांगणार नाही. यांचं तिला नाही, तिचं यांना नाही. मीठ हवं असलं तरी नाही."

ती बोलल्याप्रमाणे वागली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीपनं ओसरीवरून, निर्मला, तिकडे विचार, असं सुरू केलं, आणि निर्मला उठून गोठ्यात निघून गेली. शकुनबाईंनी निरोप न्यायचा प्रयत्न केला, पण नवा मार्ग, जुना मार्ग, नंबर, यांत दुसऱ्याच वाक्याला त्या अडकल्या आणि चिडून म्हणाल्या, काय बोलायचं ते बोला बाप्पा, मी इथंच बसते. त्या सुपात तांदूळ घेऊन कुलदीपच्या खोलीच्या दारात बसल्या.

रीना टेबलाशी बसली. कुलदीप उंबऱ्याबाहेर, तिच्याकडे पाठ करून. मधे सासूबाई तांदूळ निवडत. प्रोग्राम तिनं पहिल्या ओळीपासून वाचला आणि भोंगा न वाजवता त्याची चाचणी कशी घ्यायची ते सांगितलं. हुकूम छतापर्यंत जाऊ द्यायचा आणि तिथे भोंग्याऐवजी एक बल्ब लावायचा. बल्ब लागला की समजायचं. सांगून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत थांबली. शकुनबाईंचा हात सुपावर थांबला.

"लाल लावू का?" कुलदीपनं विचारलं. त्यानं मान वळवली नव्हती, पण कुणाचं नावही घेतलं नव्हतं, त्यामुळे तो कुणाला विचारतोय याबद्दल शंका नव्हती.

"कोणताही चालेल," रीना म्हणाली.

तो बल्ब शोधायला उठला. शकुनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुपातला एक खडा उचलून त्या कितीतरी वेळ तो बोटांत फिरवत राहिल्या, कुठे टाकायचा ते विसरल्यासारख्या.

कुंताबाई हाताला प्लास्टर घालून घरी आली होती. दुपारी रीना तिच्याकडे गेली आणि काय झालं होतं ते सांगून टाकलं, काही न लपवता. कुंताबाईनं सगळं ऐकलं. कॉम्प्युटरचं तिला कळलं नाही, भासऱ्याचं कळलं.

"बोलले आज?" तिनं विचारलं.

"बोलले."

"काय बोलले?"

"लाल बल्ब लावू का म्हणाले."

कुंताबाईनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि रीनाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी भासरा एवढंच बोलला, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.